कॅसेटवरची चिकटपट्टी

हिंगणघाट, रविवार संध्याकाळ

आईने कोरसमध्ये गायलेल्या भीमगीतांची कॅसेट अखेर सापडली, जाम गावातल्या एका गॅरेजात. कंपनी कधीच बंद पडली, दुसरी प्रत मिळणं नाही. घरी येऊन लावली तर कुणाच्या तरी साखरपुड्याचा कलकलाट! कॅसेटच्या कडेच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावून गाण्यांवरच रेकॉर्डिंग केलेलं. चिकटपट्टी! शेवटी कलकलाट थांबला आणि आईचा आवाज. उरलेली दीड ओळ.

दादा म्हणाला, "काऊन भंगार जमा करून राह्यली? मोबाईलवर सगळं भेटते."

सगळं? "मंग त्याच्यात आई शोधून दे," म्हटलं.

चिकटपट्टी मी नखाने खरवडून काढली. भोकं उघडी असली की वर दुसरं काही भरता येत नाही. दीड तर दीड. आता आईच्या वर कुणी बोलून दाखवावं.