अकोल्याची बैठक

अमरावती, ता. ४ नोव्हेंबर १९२७, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी संपून शाळा लागली. बिगारीच्या वर्गात हजेरी घेतली आणि सवयीने विचारलं, आज कोण नाही? पावसाळाभर आजोळी राहून आजच परतलेल्या एका पोरीने हात वर करून सांगितलं, "एस्तेर नाही, बाई." तिला घरी कोणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलेलं तिला कळलं नसेल. मी पुढची नावं वाचली. कोणती वाचली ते आठवत नाही.

नाव पूर्ण लिहिलं की पुढं लिहवत नाही. यापुढं ए. लिहीन. आमची एकुलती एक, सहा वर्षांची, श्रावणात गेली. वहीला हे सांगायला कशाला हवं? पण लिहिलं.

हे उद्या कौंडण्यपूरच्या जत्रेला निघतात, मिशनचा तंबू घेऊन. उपदेशकाला दुःखाची सुट्टी नसते.

१० नोव्हें., गुरुवार

माय आली होती. देवळापुढं फुलं विकून उरलेली शेवंती घेऊन आली. अजून आमच्या घरचं पाणी घेत नाही, ओट्यावरच बसते, आणि मला काशीच म्हणते. बाप्तिस्म्याला बारा वर्षं झाली, पण मार्था हे नाव काही तिच्या तोंडात बसत नाही.

"काशे, किती वाळली वं तू. काहून अशी करून राहिली?"

मग हळूच मुद्द्यावर आली. त्यांच्या मळ्याजवळ एक भगत आहे. गेलेल्या माणसाला बोलावतो, त्याच्या अंगात येतं, आणि ते माणूस बोलतं. "मी इचारून येतो. तू नको येऊ. तुया नवऱ्याले सांगू नको."

मी नाही म्हणाले. ठणकावून नाही म्हणाले. पण ती गेल्यावर शेवंती हातात घेऊन तशीच बसून राहिले. 'बोलतं' म्हणाली ती. मला ए.चं एक वाक्य ऐकायला मिळालं तर मी कुठंही चालत जाईन. हे पाप आहे, मला माहीत आहे. बिगारीतल्या पोरींनाही मी हेच शिकवते.

१२ नोव्हें., शनिवार

हे जत्रेहून आले. घसा पार बसलेला. मायचं बोलणं मी लपवलं नाही. बसलेल्या घशानेच ओरडले. भुताखेतांच्या दारी माझी बायको जाणार नाही, देव सोडून मेलेल्यांना विचारायला जातं ते घर बुडतं, बायबलातला तो राजा वेष पालटून चेटकिणीकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी लढाईत मेला, ते तू पोरींना शिकवत नाहीस का, वगैरे. जत्रेतही यावरच बोलले म्हणे.

ओरडले म्हणून मला बरंच वाटलं. ए. गेल्यापासून हे गप्पच असायचे, त्याची जास्त भीती वाटायची.

जत्रेत अकोल्याचे एक वकील भेटले. तंबूत बसून शेवटपर्यंत ऐकलं, शुभवर्तमान विकत घेतलं, इंग्रजीत बोलले. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली. यांना अकोल्याला बोलावलं आहे. "असा एक माणूस मिळाला तर सारी जत्रा पावली," हे म्हणाले.

२७ नोव्हें., रविवार

सलग दोन शनिवार अकोला. रात्री वकिलांकडे राहतात, सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून थेट प्रार्थनेला. आज व्यासपीठावर उभे राहिले तर चेहरा कसा उजळलेला! घरी येऊन दोन वेळा वरण मागून घेतलं. अंघोळीला जाताना गुणगुणत होते. किती दिवसांनी.

वकिलांचं मन वळतंय वाटतं. प्रभूने यांना हेच औषध दिलं असेल. मी भातावर तूप जरा जास्तच वाढलं. लक्षात आलं नाही यांच्या.

३० नोव्हें., बुधवार

कसं लिहू?

शाळेतून येऊन तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन बसले, सूप बाजूला सारलं. "मार्था, ए. आहे. बोलली माझ्याशी." (हे पूर्ण नाव म्हणाले.)

वकिलांकडे दर शनिवारी बैठक असते. एक लाकडी पाटी, बदामाच्या आकाराची, खाली दोन चाकं आणि एक पेन्सिल. कागदावर ठेवून सगळ्यांनी वरून बोटं टेकवायची. पाटी आपोआप चालते, लिहिते. प्लँचेट म्हणतात. वकिलांची बायको येते, बोलते. दुसऱ्या बैठकीला ए. आली.

मी म्हटलं, "मग मायचा भगत काय वाईट होता? गाडीभाडं तरी वाचलं असतं."

हसले नाहीत. समजावायला लागले. हे तसलं नाही, इथं कोंबडं नाही, लिंबू नाही, घुमणं नाही. विलायतेत विद्वान लोक करतात. बैठकीआधी सगळे डोळे मिटून परमेश्वराचं स्मरण करतात. यात शास्त्र आहे. खुर्चीवर बसून केलं की शास्त्र, जमिनीवर बसून केलं की सैतान, असं मी म्हणणार होते.

पण ते म्हणालेच नाही. त्याऐवजी विचारलं, "काय म्हणाली?"

"बाबा मी इथं आहे. एवढंच."

मी ते पुन्हा सांगायला लावलं. परत परत सांगायला लावलं. रडत होते आणि विचारत होते, अजून काय, अजून काय.

४ डिसें., रविवार

काल पुन्हा गेले. मी अडवलं नाही. अडवायचं सोडा, मीच पोळ्या आणि चटणी बांधून दिली. काय म्हणते ते नीट लक्षात ठेवा, हे तोंडावर आलं होतं, तेवढं गिळलं.

आज सकाळी आले ते तोंड काळवंडून. प्रार्थनेत गीताचा स्वर चुकला, पुन्हा धरला, पुन्हा चुकला. वाचन अर्ध्यात थांबवून खाली बसले. लोकांना वाटलं, पोरीची आठवण झाली. दोन बाया माझ्याकडे बघून डोळे पुसू लागल्या.

दुपारी बोलले. कागदभर एकच शब्द लिहिला गेला. तहान. तहान. तहान. कागद संपला तरी पाटी टेबलावर लिहीतच होती.

ए.चा शेवटचा दिवस. पोटात काही टिकत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्याचा थेंब देऊ नका. ती मागत होती. सगळी संध्याकाळ मागत होती. आई, एकच घोट. मी ओल्या फडक्याने ओठ पुसत राहिले आणि दिलं नाही. पलीकडे हे बसले होते, हेही ऐकत होते.

दिलं नाही मी.

६ डिसें., मंगळवार

मला वाटलं होतं यांचा राग माझ्यावर आहे. तसा असता तर परवडलं असतं. आज कळलं की यांना वेगळीच जखम झाली आहे.

जेवायला बसले होते, घास घेतला नाही. विचारलं, "मेल्यावर तहान कोणाले लागते, मार्था? सांग. तू बी शास्त्र वाचतेस." मला कळेना. मग स्वतःच सांगितलं. शुभवर्तमानातल्या, नरकाच्या ज्वालेत पडलेल्या त्या श्रीमंताला. बोटाच्या टोकावरचं पाणी मागणाऱ्याला.

आमच्या मिशनात तान्ह्यांना बाप्तिस्मा नाही, नुसतं प्रार्थनेत देवाला अर्पण करतात. समज आल्यावर, स्वतः मागितल्यावर बाप्तिस्मा. ए.ने मागितला होता. ईस्टरला नदीवर इतरांचा बघितला आणि हट्ट धरला, मलाही घ्या पाण्यात. हे हसून म्हणाले होते, "दुधाचे दात तर पडू दे."

"मी नाही म्हटलं. मायी पोरगी जळून राहिली, मार्था. मायापायी." एरवी घरातसुद्धा शुद्ध बोलतात. हे ऐकून मी यांच्या तोंडावर हात ठेवला.

म्हटलं, ज्याने लेकरांना मांडीवर घेतलं, शिष्य हाकलत होते तर शिष्यांनाच रागावला, तो आपल्या पोरीला बाप्तिस्म्याचा दाखला विचारत बसेल का? तुम्हीच तर पोर गेलेल्या घरी जाऊन हे सांगता. मी तुमच्या शेजारी बसून ऐकलं आहे.

"ते सांगायचं असते. हे तिनं लिहिलं."

देवाच्या शब्दापेक्षा पाटीवरची पेन्सिल खरी झाली. मायच्या भगताने एक नारळ मागितला असता आणि विषय संपला असता. या पाटीने आमचा स्वर्ग मागून घेतला.

१० डिसें., शनिवार

आज मायबरोबर कबरस्तानात गेले, ती ए.साठी फुलं घेऊन आली होती. हे आधीच तिथं. लोट्याने ए.च्या मातीवर पाणी घालत होते. हळूहळू, रोपाला घालावं तसं. माती आधीचीही ओली होती, म्हणजे रोजचंच असणार.

हाच माणूस बाजारात उभा राहून तर्पण करणाऱ्यांची टर उडवायचा.

माय टोमणा मारेल अशी मला भीती होती. तिने पदर तोंडाला लावला. "राहू दे वं, बोलू नको त्याले काई. बापच हाये." आणि फुलं तिथंच ठेवून माझ्या आधी चालू लागली.

मी यांच्या हातून लोटा घेतला. यांनी दिला, मग धोतराला हात पुसले आणि म्हणाले, गाडीची वेळ झाली. गेले.

१२ डिसें., सोमवार

पाटीने आता आईला आणायला सांगितलं आहे. आईला आणा, मग सांगते. हे विनवतात. "एकदा चल. तुझ्याशी बोलली तर तिची तहान भागेल." पाच-सहा दिवसांत गाल बसले आहेत. पा. सा. (आमचे पाद्रीसाहेब) शाळेत येऊन विचारून गेले, उपदेशक आजारी आहेत का, नाताळाचं वाचन दुसऱ्याला द्यायचं का? काहीतरी ऐकलं असावं.

मी प्रार्थना करते. श्रावणापासून करतेच आहे. उत्तर नाही. देव गप्प आहे आणि पाटी बोलते, हीच तिची सगळी मोहिनी. आधी गोड बोलली, आता जे बोलते ते ऐकवत नाही, तरी सुटत नाही. दारूचं असंच असतं म्हणतात.

जायचं ठरवलं. यांचा हात धरून उठवून आणायला जायचं, असं ठरवलं.

१८ डिसें., रविवार

काल जाऊन आले. एकटी आले.

वकील ठग असते तर किती सोपं झालं असतं! साधा माणूस, हळू बोलणारा. बायकोच्या तसबिरीला ताजा हार होता. मला पाट नाही, खुर्चीच दिली, चहा विचारला, "ताई, घाबरू नका" म्हणाले. दिवेलागणीला सतरंजीवर टेबल ठेवलं. पाटीवर वकिलांची, यांची आणि माझी बोटं.

यांचा हात धरून उठायचं ठरलं होतं. मी बोट टेकवलं.

पाटी हलली. कोणी हलवली ते मला कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मी बघितलंही नाही. यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. पेन्सिलीने 'अ' काढला, मग काना, मग सरकून पुढचं काही काढायला लागली, आणि मला एवढी भीती वाटली की मी मोठ्याने प्रभूचं नाव घेतलं. येशूच्या नावाने सांगते, कोण आहेस? असं ओरडलेच.

पाटी थांबली. वकिलांनी बोटं उचलली. "आज राहू द्या, ताई," म्हणाले. रागावले नाहीत.

हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला दहा वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं.

"तू तिले हाकललं, मार्था."

स्टेशनवर पोचवायला आले. तिकीट एकच काढलं. मी डब्यातून म्हटलं, चला ना. "येतो, पुढच्या गाडीनं." आज प्रार्थना झाली, पा. सा.नीच वाचन केलं. पुढच्या दोन्ही गाड्या येऊन गेल्या.

२० डिसें., मंगळवार

आले नाहीत.

शाळेत नाताळाच्या गाण्यांची तालीम चालू आहे. देवदूत कोणी व्हायचं यावरून पोरी भांडल्या, मी दोघींनाही धपाटा घातला, मग दोघींनाही देवदूत केलं. पा. सा.ना सांगितलं, यांना अकोल्यात ताप आला आहे. खोटं बोलले. माय म्हणते, "मी येतो संग, वकिलाले मीच इचारतो माया जवाई कोठी हाये ते." तिला कशीबशी परत पाठवली.

हे कोणाला सांगता येणार नाही म्हणून इथं लिहिते. पाटी थांबली तेव्हा माझं बोट तिच्यावरच होतं. प्रभूचं नाव तोंडात होतं आणि बोट वाट बघत होतं. ती हलायला हवी होती मला. त्या नावानंतरही पाटी पुढं चालली असती तर मी त्या खुर्चीवरून उठले नसते, यांच्यासारखीच तिथं राहिले असते. सैतान असता तरी राहिले असते, ए.च्या आवाजात बोलला असता तर.

यांचा राग येतो. घर, बायको, प्रार्थना सगळं टाकून तिथं बसले म्हणून. आणि हेवाही वाटतो, हेच खरं. वाटतं, हे तिच्याजवळ आहेत आणि मी नाही.

उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला जाते. पा. सा.कडे रजा मागितली, यांना आणायला जाते असं सांगून. आणायलाच जाते आहे, दुसऱ्या कशाला नाही. प्रभू, मी तिथं पोचेपर्यंत हे खरं राहू दे.