पंख्यावरची नावं

प्रिय शिवकन्या,

हे अक्षर माझंच हाय, कोणाकडून लिहून घेतलेलं न्हाई. वाकडं हाय, ओळ सोडून खाली उतरायलंय, तरी माझं हाय. पाकिटावरचा पत्ताबी मीच उतरवला, तू कामाला जातेस त्या औषधाच्या दुकानाच्या पिशवीवरून. दिवाळीत गुडघ्याच्या गोळ्या आणल्या होत्यास ना, तीच पिशवी. घडी घालून उशीखाली ठेवली होती. घरच्या पत्त्यावर का टाकलं न्हाई ते पुढं सांगते. आधी हे ऐक की तुझी आजी शिकायलीय.

इथं वृद्धाश्रमात जेवणाच्या शेडमधी दुपारी आमचा वर्ग भरतो. निकिता मॅडम पाथरीहून यष्टीनं येतात. वयानं तुझ्याएवढ्याच, पण आमी सगळे त्यांना अहो-जाहो करतो आन त्या आमाला रागावतात. सटवाजी ऐंशीचे हायेत. त्यांचा क अजून पाटीवर आडवा पडतो. मॅडम म्हणल्या, काका, क ला उभं करा. तर म्हणले, मॅडम, त्याचेबी गुडघे गेले असतील. बन्सीधरभाऊ यष्टीत कंडक्टर होते. त्यांना वाचता येतं, तरी रोज येतात, हजेरी घेतात, आन कोणी दारात थांबलं की ओरडतात, पुढं सरका, आत लय जागा हाय. माझ्या बाजूच्या खाटेवरच्या सुलाबाईचं आन माझं वाचायला आधी कोण येतं यावरून रोज भांडण. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलते ना, भाऊ झाला म्हणून काढलं, त्यामुळं मला सगळं आठवायला लागलं. विसरलेल्या घरात गेल्यावर कोनाडा कुठं हाय ते हाताला कळतं, तसं.

तुला आठवतं का, तू पहिलीत असताना मला पाटीसमोर बसवायचीस. कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, कस्तुराबाई, अभ्यास केला का? मी हसायची, भाकरीचा तवा चुलीवर हाय म्हणून उठून जायची. तुझे आजोबा जिंतूरला कचेरीत कारकून. गावभराचे कागद वाचायचे, लोक ओट्यावर बसून राहायचे. मी एकदा म्हणलं, मलाबी शिकवा. तर म्हणले, तुला काय कमी हाय, मी हाय की वाचायला. माणूस वाईट न्हवता. पण तो गेल्यावर मला कमी पडलं.

इथं वाचायला लय हाय. आश्रमातल्या प्रत्येक वस्तूवर कोणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. बाकावर, पाण्याच्या टाकीवर, माझ्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर, आन सगळ्यात जास्ती पंख्यांवर. पंख्याच्या पाकळ्यांवर लाल रंगानं लिहितात. फिरत असला की काहीच दिसत न्हाई. म्हणून लाईट गेली की बाकीचे चिडतात आन आमच्या वर्गाची लगबग सुरू होते. पंखा थांबला की मान वर करून वाचायचं. स्मरणार्थ ह्या शब्दाला मला आठ दिवस लागले. आता न अडकता वाचते.

तुझ्या बाबाला मी नावं ठेवायची न्हाई. तिसऱ्या मजल्यावरचं घर, माझे गुडघे असे, आन मी न्हाणीत पडले तेव्हा विमलच एकटी होती घरात. उचलून उचलून तिची कंबर धरली. चार महिने राहा आई, खालच्या मजल्यावर घर बघतो, असं गोविंदा म्हणला होता. त्याला तीन वर्षं झाली. घरं मिळत न्हाईत आजकाल.

आता तुझी गोष्ट. दिवाळीत तू मान खाली घालून म्हणलीस, आजी, बघायला येणार हायेत. मी म्हणलं, तुझ्या डोक्यावर अक्षता टाकल्याबगर मी कुठं जात न्हाई. तू हसलीस. पुढं गोविंदाला फोनवर विचारलं की म्हणायचा, बोलणी चाललीत, ठरलं की सांगतो. मी थांबले. गेल्या सोमवारी सुलाबाईचा भाचा चारठाण्याहून आला. त्यानं पेढ्याच्या पुड्यासोबत एक लग्नपत्रिका ठेवली, त्याच्या भावकीतल्या पोराची. मॅडमनं सांगितलेलं होतं की छापील जे हाताला लागंल ते वाचा. सुलाबाईनं ती माझ्याकडं फेकली, म्हणली, वाच बघू, मोठी शिकलेली. मी मोठ्या अक्षराचं वाचलं. हरिओम. खाली शिवकन्या. आन मधली बारीक ओळ सोडून कंसात गोविंदराव व सौ. विमल. मी दोनदा वाचलं, बोट ठेवून वाचलं. तारीख येत्या एकवीसची, कार्यालय जिंतूरचं.

मला असा आनंद झाला की मी खाटेवरून काठी न घेता उठले. गोविंदा कामाच्या गडबडीत सांगायचा राहिला असंल, असं मी सगळ्यांना सांगितलं. बन्सीधरभाऊनं लगेच जीप ठरवली आन कोण कुठं बसणार ती यादी केली. मला ड्रायव्हरच्या बाजूला, नवरीची आजी म्हणून. सटवाजीनं धोतर धुऊन वाळत घातलं. सुलाबाई म्हणली, मी वरपक्षाकडून, तू वधूपक्षाकडून, जेवायला आमचा मान आधी. मी माझं मोतिया रंगाचं लुगडं काढून उशाला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती पत्रिका बारीक अक्षरासकट मोठ्यानं वाचली. तुझ्या नावाखाली आधी आजोबाचं नाव होतं, आन त्यांच्या शेजारी माझं. शिवकन्या, जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापलेलं बघितलं मी. रेशनकार्डावर होतं म्हणतात, पण तेव्हा वाचता येत न्हवतं. वाचलं मी, कै. दिनकरराव व कै. कस्तुराबाई यांची नात. दोघांच्या नावाआधी सारखीच खूण, मला वाटलं जोडीचा मान असंल. मॅडमला विचारलं. मॅडम खडू हातात घेऊन बाहेर लिंबाकडं बघायला लागल्या, म्हणल्या, आज इथंच थांबू. बन्सीधरभाऊनं यादी घडी करून खिशात घातली. तेवढ्यात लाईट गेली. माझ्या डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. पाकळीवर कै. लिहिलेलं होतं, पुढं एका बाईचं नाव, आन स्मरणार्थ. मग बाकाकडं बघितलं. मग टाकीकडं. शिकवलेलं सगळं एकदम ध्यानात आलं.

मी रडले न्हाई. सगळे माझ्याकडं बघायलेत म्हणून पत्रिकेतलं राहिलेलं वाचून काढलं, भोजनाच्या वेळेपर्यंत. कसं झालं असंल ते मला समजतं. सोयऱ्यांनी विचारलं असंल, मुलीची आजी दिसत न्हाईत. आश्रमात हाय म्हणलं तर आई न सांभाळणारं घर म्हणून नाव पडतं. कोणाच्या तरी तोंडून निघून गेलं असंल, आन एकदा बोललेलं मग छापावंच लागतं. मी काय त्यांना खोटं पाडायला यायची न्हाई. लुगडं पेटीत ठेवलं. जीपचं आता कोणी काढत न्हाई, फक्त सटवाजी रोज विचारतात, कोणत्या तारखेला निघायचं, कारण त्यांचं शिकणं अजून क पर्यंतच हाय.

तर हे पत्र कशाला लिहिलं. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर आधी गोविंदाच्या हातात पडलं असतं, आन हे फक्त तुला विचारायचं हाय. तू शिकलेली हायेस, पंधरा वर्षं शाळा झाली तुझी. पत्रिका छापून आल्यावर बाकीचे गडबडीत असतील, कोणी नीट बघितली नसंल. पण नवरीनं तर आपलं नाव बघितलंच असंल, आन त्याच्या खालचीच ती ओळ हाय. तू ती वाचली होतीस का, एवढंच मला कळायला पाहिजे. वाचली नसशील तर दोन ओळी लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे मला कोणाला दाखवायला न लागता वाचता येईल. वाचली असशील तर काही लिहू नकोस. टपालात पत्र हरवलं असं मी समजंन, हरवतात पत्रं. एकवीस तारखेला मुहूर्ताच्या वेळी मी इथूनच जिंतूरच्या बाजूला तोंड करून अक्षता टाकीन, ते मी बोललेलं हाय. खाली सही करते. मॅडमनं शिकवलंय, नावाच्या आधी काय लावायचं ते ज्याचं त्यानं बघून लिहायचं.

तुझीच,
श्रीमती कस्तुराबाई