ढोकांसाठी घेतलेला चहा

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थांबावं लागतं. संत्र्याच्या टोपलीपासून आठवायला घेतलं की तो लगेच येतो. आपण तेव्हा परतवाड्याला होतो, तुम्ही जंगलखात्यात रेंजर. लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस आईच्या चुलीपाशी टोपली ठेवून गेला आणि आईचं लक्ष जायच्या आत मी एक संत्रं सोललं. तुम्ही ओरडला नाहीत. "ठेकेदाराच्या घरचं पाणीसुद्धा आपल्याला चालत नाही," एवढंच म्हणालात. मग बाजारातून एक संत्रं आणून टोपली पुरी केलीत आणि ती परत करायला चपराशाबरोबर मलाच पाठवलंत. वाटेत तो हसत म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या बाबाले देवानं प्रसाद देल्ला तरी ते वापस करतीन." मला हसू आलं नाही. हाताला सालीचा वास येत होता.

पुढे तुमची बदली अकोल्याला झाली. मेळघाटच्या सागवानात आयुष्य गेलेला माणूस पूर्णाकाठच्या सपाट बाभूळबनात आला. तुम्ही रुजू झालात ते ऐन उन्हाळ्यात, आणि लगेच कूपातली, म्हणजे ठेकेदाराला तोडायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातली, तोडीची झाडं ठरवण्याचं काम आलं. बुंध्याची साल तासून सरकारी शिक्क्याची हातोडी मारली की ते झाड ठेकेदाराचं. ती खूण मग कोणालाच पुसता येत नाही. सखल भागातल्या जुन्या बाभळींवर तुम्ही खुणा मारल्या. झाडं रिकामी दिसत होती. जुनी घरटी गावच्या बायकांनी सरपणाला काढून नेलेली, ते तुम्हाला कोण सांगणार? पावसाळ्यात त्या बाभळी पाण्यात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीवर ढोक उतरले, पिवळ्या चोचीचे मोठे करकोचे, पाठीवर गुलाबी पिसं असलेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीच्या कॉलेजातून घरी आले, तेव्हा तुम्ही मला ते दाखवायला नेलंत. आकाश निरभ्र, आणि आपण दोघं एका छत्रीखाली, कारण वरून शिट पडते आहे. पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख हलवतात, पण उडत नाहीत. "संक्रांतीपर्यंत उडतील," तुम्ही म्हणता. तोड मात्र दिवाळी होताच सुरू होणार असते. पडत्या झाडाबरोबर घरटीही खाली येणार असतात. तुम्ही छत्रीची मूठ या हातातून त्या हातात घेत राहता.

तोड थांबवावी, असा मी त्याच संध्याकाळी वरच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहिला. चांगला लिहिला होता. तुम्ही तो पूर्ण वाचलात आणि म्हणालात, "नागपूरहून उत्तर येईस्तोवर या पिल्लांचे नातू उडतील." अर्ज तरीही पाठवायला हवा होता, असं माझं आजही मत आहे. तुम्ही टोपी घातलीत आणि ठेकेदाराच्या टालीवर निघालात. मी मागोमाग आले.

टालीवर लाकडाचे ढीग, करवतीचा आवाज, आणि बाजेवर बसलेला तो म्हातारा मुसलमान ठेकेदार, परतवाड्याला टोपली पाठवणारा तोच. तुम्हाला पाहून उठलाच.

"या या, रेंजर साहेब! मेळघाटापासून तुमचे कूप घेऊन राहिलो, माह्या घरचं पाणी नाही पेले तुमी. आज काहून पाय वळले?"

"काम आहे."

"पहिले चाय."

"पहिले ऐका. तुम्हाले नाही म्हणायचं असन तं चाय वाया जाईन."

तो खो खो हसला. तुम्ही सगळं सांगितलंत. तोड वरच्या टोकाकडून सुरू करावी, सखलातल्या बाभळी संक्रांतीपर्यंत ठेवाव्या.

"पण खूण कोनं मारली साहेब?"

"मीच मारली. झाडं रिकामे दिसले."

"म्हंजे चूक तुमची अन् नुकसान माह्यं?"

"हो," तुम्ही म्हणालात.

करवत थांबली होती. ठेकेदार पुन्हा बाजेवर टेकला. मग म्हणाला, "ठेवतो. पण चाय प्यावी लागन. अन् अकोल्यात मी सांगीन, का रेंजर माह्या टालीवर चाय पेले."

तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत, चहा बशीत ओतलात आणि सगळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यालात. मला मान वर करवली नाही. त्याने सांगितलं, आणि सगळ्या अकोल्याने ऐकलं. रेंजर विकला गेला, अशी तक्रार वर गेली. तुमच्या वरच्या साहेबांनी विचारलं, चहा घेतला का? तुम्ही "घेतला" म्हणालात आणि कारण सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर कूपाची तोड अडवल्याचं ठेकेदाराला भोवलं असतं की तुम्हाला, हे मी कधी विचारलं नाही. तुमची बढती मात्र राहिली ती राहिलीच.

संक्रांतीनंतर त्या बाभळी तोडल्या गेल्या. तोवर घरटी रिकामी झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या बाभळींना तुम्ही हातोडी लावलीच नाहीत. वाकड्यातिकड्या होत्या, तरी बियाण्याची झाडं म्हणून राखल्यात. पावसाळ्यात ढोक तिथे उतरले.

त्या बाभळींच्या बियांतून उगवलेलं एक बेट आज एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आहे. ढोक अजून येतात. या दिवाळीत त्याने कुऱ्हाडीवाले बोलावल्याचं कळलं, तेव्हा मी अकोल्याहून बसने गेले. शाळेतल्या नोकरीची सगळी वर्षं मी कोणत्याही पालकाच्या घरी चहा घेतला नाही. हेडबाई माणूसघाणी आहेत, असं लोक म्हणत, म्हणू दिलं. तो शेतकरी म्हणाला, "बाई, पहिले चहा घ्या, मंग भांडा." मी घेतला. बशीत ओतून घेतला. मग भांडले. संक्रांतीपर्यंत थांबायला तो तयार झाला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

हे पत्र घडी करून तुमच्या छत्रीत ठेवणार आहे. ती आता उघडत नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. तो शेतकरी कबूल झाल्यावर त्याच्या बायकोने पुन्हा विचारलं, आणि मी दुसरा कप घेतला. तो ढोकांसाठी नव्हता, बाबा. चहा छान झाला होता.