मध्यरेषेच्या पलीकडे

प्रिय अण्णा,

इथे हॅम्बर्गच्या अमेरिकन फुटबॉल क्लबात मी रनिंग बॅक आहे, म्हणजे बॉल काखेत दाबून समोरच्या घोळक्यात घुसायचं. पहिल्याच मॅचला दोघांना चुकवलं आणि सवयीने मागे वळून आपल्याच बाजूला पळत सुटलो! कोचने डोक्याला हात लावला. तुम्हीच शिकवलेली कबड्डीची चढाई ती: शिवायचं आणि परतायचं.

आता गुडघ्याचं लिगामेंट पुन्हा फाटलंय. डॉक्टर म्हणतात, खेळ बंद. तरी उद्या पट्टी आवळून उतरणार आहे, बसवतच नाही मला. तुम्ही 'परत ये' म्हणाल, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

हेल्मेटच्या आत अजूनही कबड्डी-कबड्डी पुटपुटतो. पण अण्णा, दम सुटत आलाय, आणि मागे वळून पाहिलं तर मध्यरेषाच दिसत नाही.

अजून चढाईवरच असलेला,
तुमचा अश्वजित