सुलोचनाताईंच्या स्वभावाची चौकशी

नाचणगाव, मंगळवार

तीर्थरूप सुलोचनाताई यांना धाकट्या चुलतभावाचा, श्रावणचा, वाकून नमस्कार.

दिल्लीच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे कोकिळा बरी आहे. मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. (फोनवर बोलायचा धीर होत नाही, म्हणून पत्र.)

आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या न्यायाधीशाच्या रिकाम्या जागेसाठी तुमचं नाव चाललं आहे हे पेपरात वाचल्यापासून मला एकच भीती, आमच्यामुळे विघ्न येऊ नये. ते आलं. रविवारी सकाळी नागपूरचे एक सफारीतले गृहस्थ आले. कशासाठी ते बोलले नाहीत (गुप्त चौकशीत कोण सांगतं?), पण तुमचा स्वभाव, वागणं, सगळं खोदून विचारू लागले. मधूनच नंदिनीबद्दलही, उमेदवाराच्या लेकीचीही चौकशी होत असावी. मी शब्द जुळवेपर्यंत कोकिळा चहा घेऊन आली आणि सुरूच झाली, "आमच्या ताई ना जी, आपल्या माणसाले कधी उघडं पडू देत नाई. त्याची चूक असो का काही असो, बाजू आपल्याच माणसाची!" गृहस्थ मान डोलवत राहिले. न्यायाधीशाबद्दल हे? नंतर तिला म्हटलं तर मलाच ऐकवलं, "काऊन जी, गुणच सांगतले ना मी, का शिव्या देल्या?"

दोन दिवस विचार केला. गप्प राहिलो तर तुमची जागा जाते, बोललो तर बायको खोटी ठरते. शेवटी आज सकाळी त्यांनी ठेवलेल्या नंबरवर सविस्तर लिहून पाठवलं, की ताई नात्यागोत्याला जुमानत नाहीत. शेताच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली, तो अजून बोलत नाही. आणि लेकीलाही त्यांनी अगदी तसंच घडवलं आहे. (हे शेवटचं वाक्य लिहावं की नाही, यावर अर्धा तास गेला.) आता जागा वाचली असं वाटतं.

तुमचा,
श्रावण

ता. क. : आत्ताच त्या गृहस्थांचा फोन आला. ते आपल्या मुलासाठी नंदिनीला मागणी घालणार होते. आता घालणार नाहीत. "बरं झालं जी, येळेवर सांगतलं," म्हणाले.

पुन्हा ता. क. : कोकिळाला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही त्या गृहस्थांना एक फोन करून श्रावण खोटं बोलला असं सांगाल का? (खोटं नव्हतं ते, ताई. पण आपल्या माणसासाठी, एकदाच.)