पुढची खोली गोदामाला देऊ नये

मी खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा आधी लाँड्रीत रफू-दुरुस्तीचा व पुढे मुलांना वेशभूषा स्पर्धेचे कपडे करून देण्याचा, शिक्षण चौथी पास (पाचवीत बसलो होतो, परीक्षा दिली नाही), ज्याला गल्ली सोंगवाले आजोबा म्हणते, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दाखला देताना डॉक्टर हसले, त्याचीही नोंद करतो. मला कोणी दम दिलेला नाही, काही पाजलेले नाही. हात कापतो तो वयाने. उद्या कोणी माझे अक्षर कोर्टात दाखवून भलतेच काही सिद्ध करू पाहील, म्हणून आधीच सांगितले.

या मृत्युपत्राची पाने मी पिनेने जोडलेली नाहीत, डाव्या कडेने दुहेरी दोऱ्याने शिवली आहेत. पिन कोणीही काढतो आणि परत लावतो. माझा टाका उसवून पुन्हा तसाच घालील असा माणूस या घरात नाही. (हे वाक्य आधीच्या मृत्युपत्रातून जसेच्या तसे उतरवले आहे, तेव्हा मला तसे वाटत होते. कलम सहा पाहावे.)

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलाला. तो तिथेच राहतो, त्यामुळे नवे काही मिळाले असे त्याला वाटणार नाही, आणि तो तसे बोलूनही दाखवील.

कलम २. बँकेत जे असेल तेही मुलाला. त्यातून माझ्या फोटोला विकतची फ्रेम करू नये. फ्रेम मी करून ठेवली आहे, पुठ्ठ्याची, वरून चहाच्या पुड्याची चंदेरी बाजू लावलेली. कपाटावर आहे. पुसताना ओले फडके लावू नये.

कलम ३. पुढची खोली, जिचे दार रस्त्यावर उघडते. हिच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. बाकीचे सगळे तोंडी सांगूनही भागले असते.

माझ्या मुलाने समोरच्या तयार सोंगांच्या दुकानातल्या ड्रेसवाल्याला शब्द दिला आहे की बाबांच्या मागे ही खोली गोदामाला देऊ. हे मला कोणी सांगितले नाही. ड्रेसवाला एक दिवस टेप घेऊन माझ्या खिडकीची रुंदी मोजत होता. मी म्हटले, "काय रे, पडदा शिवायचाय?" तो म्हणाला, "नाही काका, सहजच." सहज कोणी टेप घेऊन फिरत नाही. मी जन्मभर गळ्यात टेप घालून फिरलो आहे. मुलाला विचारले तर म्हणतो, "बाबा, वर्षातून चार दिवस लागणारी खोली. एरवी नुसती धूळ. त्याचा माल तरी राहील." म्हणजे माझी धूळ ती धूळ आणि त्याचा तो माल.

सबब, ही खोली गोदामाला, भाड्याने, ओळखीखातर किंवा "तात्पुरती" म्हणून कोणालाही देऊ नये. तात्पुरती म्हणून तर मुळीच नाही. कोणाला द्यायची ते सहाव्या कलमात आहे.

कलम ४. समोरच्या ड्रेसवाल्याविषयी. त्याला काही द्यायचे नाही, पण काही ऐकवायचे आहे.

हा दुसरीत होता तेव्हा त्याची आई त्याला हाताला धरून याच खोलीत आली. "याला समुद्री चाचा व्हायचंय, आणि घरात तर काहीच नाही हो," असे म्हणाली. घरात काहीच नाही असे घर मी पाहिलेले नाही. मी म्हटले, "ताई, खिडकीला पडदा असेल ना?" तो लाल पडदा आला, त्याचा मी चुण्या घालून झगा केला. वडिलांचे काळे मोजे बुटांवरून गुडघ्यापर्यंत ओढले आणि वर दुमडले, झाले चाच्याचे बूट. शाल कमरेला. डोळ्यावरची पट्टी मोडक्या छत्रीच्या कापडाची. कपड्याच्या हँगरचे हुक काढून प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडातून बाहेर काढले, पेल्यात मूठ. दाढी जळक्या बुचाची. टोपी वर्तमानपत्राची, पिठाची खळ लावून कडक केलेली. पोपट म्हणजे बायकोने जुन्या हिरव्या मोज्यात चिंध्या भरून खांद्यावर टाचला. त्याला डोळे दोन वेगळ्या बटणांचे होते, म्हणून तो लबाड दिसत असे. पोराने पहिला नंबर काढला.

तोच आज पिशवीतला चाचा विकतो. त्याचा कोट एका पावसात रंग सोडतो, तलवार वाकते, हुक असे की त्याने पाठ खाजवता येत नाही. आणि स्पर्धा संपली की त्याचे करायचे काय, हे पिशवीवर लिहिलेले नसते. माझा चाचा संध्याकाळी घरी गेला की पुन्हा पडदा होतो, मोजे होतो, शाल होतो. मी दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावत नाही, फक्त कच्चे टाके घालतो, एक दोरा ओढला की सगळे सुटते. हे मी लाँड्रीत शिकलो. तिथे मालक सांगत असे, "कपडा आपला नाही, उद्या माणूस न्यायला येणार आहे." ही रीतसुद्धा माझी मालमत्ता आहे, म्हणून लिहून ठेवली.

ड्रेसवाला गिऱ्हाइकांना सांगतो, "काकांचं जुनं आहे हो, हल्ली असं कोणी घालत नाही." त्याने स्वतः घातले होते.

कलम ५. शिवणयंत्र, बटणांचा डबा व मुकुट-शेपट्यांची पेटी कलम सहाप्रमाणे.

~~मोठी कात्री समोरच्या ड्रेसवाल्याला द्यावी, पिशव्या फोडायला उपयोगी पडेल.~~ हे वाक्य मी स्वतः खोडले आहे. कारण शेवटी कळेल.

हँगरचे हुक दाताच्या डॉक्टरांना. ते एका वर्षी शाळेत परीक्षक होते आणि माझ्या दुसऱ्या एका चाच्याला भर मंचावर म्हणाले, "हा कोण, भंगारवाला का?" पोरगा खाली उतरेपर्यंत रडला नाही. खाली उतरून रडला. हे मी विसरलेलो नाही. हुक त्यांनी टेबलावर ठेवावे.

कलम ६. गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तापाने मागच्या खोलीत पडून होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी बँक आहे तिथल्या वॉचमनची बायको आली. पोराला चाचा करायचे होते. तिने नवऱ्याचा कामावरचा जाड निळा कोट आणला होता आणि म्हणाली होती की उद्या संध्याकाळी ड्यूटीला लागेल. मुलगा तिला म्हणाला, "बाबांना झोपू दे वहिनी, मी करतो. त्यात काय एवढं." मी पडल्या पडल्या ऐकले. पातळ कापड कापताना कात्री कुजबुजते. जाड कापडाला ती दात खाल्ल्यासारखी वाजते. ती वाजली, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजली. दोन बाह्या.

मी उठून आलो तोवर वॉचमनची बायको कोट घेऊन गेलीसुद्धा होती. मुलगा म्हणाला, "बघा, दहा मिनिटांत झालं. तुम्ही दिवसभर घालवता." मी म्हटले, "अरे, तो उद्या काय घालून उभा राहील?" तर म्हणतो, "जुनाच होता हो बाबा." जुना होता, पण त्याच्याकडे दुसरा होता का? कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला वाटते सगळ्यांकडे दुसरा असतो.

माझी सून पोस्टात खिडकीवर बसते. या खोलीला ती चिंध्यांची खोली म्हणत आली आहे, माझ्या तोंडावर. तिने जमिनीवरचे दोन्ही तुकडे उचलले आणि पर्समध्ये टाकले. मला वाटले फेकायला नेते आहे. मी तिला बोललो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पडून राहा बघू."

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली, स्पर्धा संपताच पोराच्या अंगातून कोट काढून आणला आणि माझ्या यंत्रावर, मला न विचारता, दोन्ही बाह्या जोडल्या. जोड दिसू नये म्हणून त्यावरून मुकुटांच्या पेटीतली सोनेरी पट्टी फिरवली. वॉचमन कोट घालून ड्यूटीला गेला, तर मॅनेजरने विचारले, "का हो, बढती कधी मिळाली?" आता तो ती पट्टी काढू देत नाही.

मी तो जोड चष्मा लावून पाहिला. एक टाका मोठा आहे. एकच.

मला संताप याचा आला की ही बाई नऊ वर्षे या घरात आहे आणि तिला शिवता येते हे मला कोणी सांगितले नाही. तिला तसे बोललो. ती म्हणाली, "विचारलंत कधी? यंत्राला हात लावला की ओरडायचात." ओरडत असेन. यंत्राची सुई नाजूक आहे.

सबब पुढची खोली, यंत्र, डबा व पेटी मी माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावाने देतो. मुलाचा त्यावर हक्क नाही. त्याने आत यावे, बसावे, पण कात्री हातात घेऊ नये.

अटी : दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावू नये. आणलेले कापड जसे आले तसे परत जावे. गोंदाची बंदूक वापरू नये.

कलम ७. वरील मजकूर आज सुनेला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, मला नोकरी आहे. मी काही रोज ही खोली उघडायची नाही."

मी म्हटले, "बंद राहिली तरी चालेल. गोदाम नको."

"स्पर्धेच्या आठवड्यात रजा काढीन. आणि बंदूक मी वापरणार."

"कापडाला डाग पडतो."

"पुठ्ठ्याला वापरीन. तुमची खळ उंदीर खातात."

खळ एकदाच उंदरांनी खाल्ली होती. तरी वाद नको म्हणून अट अशी दुरुस्त केली : गोंदाची बंदूक फक्त पुठ्ठ्याला. मग मी विचारले, खोली घेणार की नाही, ते सरळ सांग. तेवढ्यात दार वाजले. एक आई टेबलावरचे कापड घेऊन आली होती, पोरीला राणी करायची होती. सून उठून दाराशी गेली. मला इथे ऐकू आले, "नाही हो ताई, कापायचं कशाला, उद्या टेबलावर घालाल ना?"

हे मी होकार म्हणून धरले आहे.

साक्षीदारांविषयी. सुनेची सही चांगली येते, पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मुलगाही म्हणून बाद. वॉचमन आला. दुसरा माणूस मिळेना, तेव्हा सून समोर जाऊन ड्रेसवाल्यालाच घेऊन आली. त्याला साक्षीदार करता यावे म्हणून कलम पाचमधली कात्री खोडावी लागली. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने चौथे कलम उभ्यानेच वाचले, मग खाली बसून पुन्हा वाचले.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. आधी दोन लिहिली होती, ती फाडली आहेत. सगळी पाने शिवून झाल्यावर सही केली.

ठिकाण : पुढची खोली
दिनांक : शाळेच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत

सही : (सोंगवाले आजोबा)

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली :

साक्षीदार १ : बँकेचा वॉचमन. (सही. कोट घालून आला होता.)

साक्षीदार २ : समोरचा ड्रेसवाला. (सही.) कलम चार मला मान्य नाही. पडदा अजून आईच्या खिडकीला आहे.

साक्षीदाराने सहीखेरीज काही लिहू नये, असे त्याला बजावले होते. त्याने लिहिले. खोडायला सांगितले तर सून म्हणाली, "राहू दे बाबा." राहिले आहे.