फ्रिजचं दार

दि. १२ नोव्हेंबर

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ते चालायचंच. तुझे फोन येताहेत ते दिसतंय, मुद्दाम उचलत नाही. तोंड उघडलं तर शिवीच बाहेर पडेल, म्हणून लिहितेय. कुरियरने पाठवते, उद्या मिळेल.

आधी तुझ्या आईच्या फ्रिजचं सांगते, तुला त्याचीच काळजी जास्त. झकास चाललाय. पाच स्टारचा, आवाज नाही, बर्फ साचत नाही. आत काय होतं म्हणशील तर एक पाण्याची बाटली आणि अर्धं लिंबू.

आणि बाहेर ओट्यावर? दूध नासून पिवळं पाणी झालेलं, टोमॅटोला बुरशी, भातावर माश्या घोंगावतायत. शी! परवा तिच्या घराचं दार उघडल्याबरोबर ओकारी आली मला. घरात एवढा भारी फ्रिज आणि ही बाई दूध बाहेर ठेवते! का? तर तू. फ्रिज तुझ्या मोबाइलला जोडलेला, तिकडे तुझ्या घरी बसून आई दार किती वेळा उघडते ते मोजत होतास. 'आई, आज किती वेळा उघडलंस! आई, दार उघडून बघत काय उभी राहतेस? गारवा जातो, वीज खातो तो.' तिने धसकाच घेतला होता. दिवसभराचं लागेल तेवढं सकाळीच बाहेर काढून ठेवायची, म्हणजे पुन्हा हात लावायला नको. स्वतःच्या घरात चोरासारखी वागायची रे ती! किळस आली मला. नासक्या दुधाची नाही, तुझी.

ती फोन उचलत नाही म्हणून मला करतोयस ना? माझाही उचलेना, म्हणून तर मी गेले. ती ओट्याखाली फरशीवर पडली होती. पाय घसरला, खुबा मोडला. कधीची पडली होती कोण जाणे. फोन फ्रिजवर, हात पोचेना. त्यावर तुझा मेसेज आलेला: 'आई, दोन दिवसांत दार एकदाही उघडलं नाहीस. शाब्बास! अशीच बचत कर.' खाली पडल्या पडल्या तिला तो टिंग आवाज ऐकू आला असेल.

तुझ्या मोबाइलला सगळं कळतं म्हणे. माणूस दोन दिवस घोटभर गार पाणीसुद्धा घेत नाही, यावर तुला काही म्हणजे काहीच वाटलं नाही?

काल ऑपरेशन झालं. जिवावरचं टळलं. पण पुन्हा आधाराशिवाय चालेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. दवाखान्यातून सुटी मिळाली की तिला माझ्याकडे नेतेय. तुला विचारत नाहीये, सांगतेय. भेटायचं तर ये, आई तुझीच आहे.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगतेच. त्या दिवशी तिचे ओठ सुकून गेले होते. पाण्यासाठी मी फ्रिज उघडला. डोळे धड उघडत नव्हते तिचे, तरी पुटपुटली, "ताई, दार लाव गं लवकर. सोन्याला दिसतं."

'तुझी मावशी' असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझ्या आईची थोरली बहीण